शिसपेन्सिलीतलं शून्य

सगळं सुरळीत असण्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सव्वाआठ वाजता, नसलेल्या माशांना वडील खाऊ घालत होते.

चिमूटभर खाऊ. अंगठा आणि तर्जनीत मावेल तेवढाच. हात पाण्यावर वीतभर उंच धरून, अगदी हलके हलके. टाकी तीन फुटी, काचेची, बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाला लागून. आत पाणी, वाळू, दोन झुडपं, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा फिल्टर, आणि सव्वीस दिवस झाले तरी एकही मासा नाही.

"जेवले का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजून आलेले नाहीत," वडील म्हणाले.

"मग रोज खातंय कोण?"

"जंतू."

आईने हातातलं पातेलं जरुरीपेक्षा मोठ्याने ठेवलं. तिचंही बरोबर होतं. पाणीपुरवठा खात्याच्या तपासणी विभागात तेहतीस वर्षं नोकरी करून या गृहस्थांनी पाण्यातले जंतू मारले होते. निवृत्त झाल्यावर ते मुद्दाम काचेची पेटी विकत आणून तेच पाळत होते. "आयुष्यभर मारले, आता एकेकाला बोलावून जेवू घालताहेत," असं आई आल्यागेल्याला सांगायची. ती हे चारचौघांत थट्टेने सांगायची आणि चारचौघं गेल्यावर गंभीरपणे.

वडिलांचं म्हणणं असं. नव्या टाकीत मासे सोडले की ते खातात, घाण करतात, उरलेला खाऊ कुजतो आणि पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण माशांना मारतो. हा अमोनिया खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, पण वस्ती काही आठ दिवसांत होत नाही. म्हणून आधी जंतूंना जेवू घालायचं, त्यांचा संसार थाटून द्यायचा, अमोनिया शून्यावर आला की मगच मासे. "पाहुणे यायच्या आधी मोरी बांधतो की नाही आपण?" ते विचारायचे. पाहुण्यांसमोरही विचारायचे.

अमोनिया मोजायची रीत होती. परीक्षानळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीतले आठ थेंब, दुसऱ्या बाटलीतले आठ थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं झालं तर शून्य. हिरवं झालं तर विष, आणि हिरवं जितकं गडद तितकं विष जास्त.

अडचण एकच होती. वडिलांना हिरवा आणि पिवळा यांतला फरक कळत नसे. जन्मापासून. पाण्याचे रंग तपासण्याच्या खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी ही गोष्ट कशी निभावली, हे फक्त घरात ठाऊक होतं. एकाने बघायचं, 'पाहिलं' असं मोठ्याने म्हणून रंग सांगायचा, दुसऱ्याने लिहायचं, मग बघणाऱ्याने सही करायची, असा शिस्तशीर नियम त्यांनी विभागात लावून दिला होता. वडील नेहमी लिहिणाऱ्याच्या जागी.

घरात बघणाऱ्याच्या जागी मुलगी होती. एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. कानामात्रा, स्वल्पविराम, अनुस्वार, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं बघण्याचाच तिचा धंदा. वडील तिला 'तपासनीस' म्हणायचे. रोज सव्वाआठला परीक्षानळी उजेडात धरून ती म्हणायची, "पाहिलं, हिरवा." ते वहीत लिहायचे, ती सही करायची. पंचवीस दिवस.

सव्विसाव्या दिवशी तिला उशीर झाला होता. एका जाडजूड कोशाची शेवटची मुद्रितं त्या दिवशी छापखान्यात जायची होती. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी सापडत नव्हती.

"तपासनीस, जरा बघ गं."

"बाबा, उशीर होतोय मला."

"पाच सेकंद."

दुसरी चप्पल दाराबाहेर सापडली. तिथूनच ती ओरडली, "पिवळा!"



"पाहिलं?" वडिलांनी विचारलं.

"पाहिलं, पाहिलं!" असं म्हणून तिने दार ओढून घेतलं.

जिन्यात समोरचे काका बुटाची नाडी बांधत होते. या काकांना इमारतीत 'ध्वनिक्षेपक' म्हणत, आणि हे नाव त्यांना स्वतःला आवडायचं. खालपासून वरपर्यंत प्रत्येकाला त्या टाकीची ख्याती ठाऊक होती, कारण प्रत्येकाला वडिलांनी कधी ना कधी जिन्यात गाठून मोरीची उपमा ऐकवली होती. तेव्हा ती रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी गेली होती, की साहेबांची टाकी पिवळी झाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वडील खुर्चीत वाचत बसले होते.

"सापडल्या का चुका?"

"एकशे बारा."

"एवढ्याच?"

"का, कमी आहेत?"

"नाही नाही. छान," म्हणून ते पुन्हा वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाण्यासाठी ते बूट घालायला बसले आणि उठले नाहीत. एक बूट पायात होता, दुसरा हातात.

*

पुढचे चार दिवस तिला कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की आपण अगदी ठीक आहोत. तिने आलेल्या प्रत्येकाला साखर किती, हे विचारलं. निधनाच्या छापील पत्रात दोन चुका काढल्या, पत्र परत पाठवलं, दुरुस्त होऊन आलेल्यात आणखी एक काढली आणि पुन्हा परत पाठवलं. छापखान्याचा माणूस फोनवर चाचरत म्हणाला, "ताई, या प्रसंगी लोक एवढं बारकाईनं बघत नाहीत हो." ती म्हणाली, "म्हणूनच." फोन ठेवल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

पाचव्या दिवशी इमारतीचं शिष्टमंडळ आलं. पुढे ध्वनिक्षेपक, मागे पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य, त्यांच्या मागे जिन्यात मावतील तेवढी माणसं. ध्वनिक्षेपकांच्या हातात पाण्याने टम्म फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत पाच गप्पी मासे.

"वहिनी," ते आईला म्हणाले, आणि हे त्यांच्या जन्मातलं सर्वांत हळू बोललेलं वाक्य असावं, "साहेबांची शेवटची इच्छा. पाणी तयार झालं होतं, मासे तेवढे राहिले होते. आम्ही सगळ्यांनी मिळून आणले."

मुलीने तोंड उघडलं.

पाणी तयार नाही, असं म्हणायचं होतं. पण मग कशावरून, असं त्यांनी विचारलं असतं. पिवळं झालं होतं ना? तुम्हीच ओरडलात ना, ताई? आम्ही स्वतः ऐकलं. मग तिला सांगावं लागलं असतं, की ओरडले मी, पण बघितलं नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे मागितलेली शेवटची गोष्ट पाच सेकंदांची होती आणि ती मी दिली नाही.

आई पिशवीकडे बघत होती. चार दिवसांत पहिल्यांदाच ती कशाकडे तरी बघत होती.

मुलीने तोंड मिटलं. मासे पाण्यात गेले. शिष्टमंडळाने डोळे पुसले.

सगळे गेल्यावर तिने परीक्षानळी काढली. आठ थेंब, आठ थेंब, पाच मिनिटं. कोणी हाक न मारता, चष्मा लावून, खिडकीशी जाऊन, मागे पांढरा कागद धरून तिने बघितलं. हिरवा. कोवळ्या पानाचा पोपटी नव्हे, सरकारी कचेरीच्या लोखंडी फाटकाला देतात तसला.

तिने वही उघडली. पंचवीस दिवसांच्या नोंदी निळ्या शाईत, प्रत्येकीपुढे तिची सही. सव्विसाव्या दिवशी शून्य. ते तेवढं शिसपेन्सिलीत होतं आणि सहीची जागा मोकळी होती. पेनातली शाई संपली असेल, असं तिला वाटलं.  तिने वही मिटली आणि ठरवलं, की हे शून्य आता खरं करायचं. कोणालाही काहीही न सांगता.

*

न सांगता कुठलीही गोष्ट करायला ते घर तेव्हा अगदीच गैरसोयीचं होतं.

भेटायला येणाऱ्या माणसाची मोठी पंचाईत असते. काय बोलावं ते सुचत नाही, गप्प बसवत नाही, आणि हातांचं काय करावं हे तर कोणालाच कधी कळलेलं नाही. या घरात त्यांची सोय झाली. टाकीशेजारी खाऊचा डबा होता. माणूस यायचा, खुर्चीवर टेकायचा, "फार धक्का बसला हो" म्हणायचा, उठायचा आणि चिमूटभर खाऊ टाकायचा. मासे धावत यायचे. माणसाला बरं वाटायचं. मग तो आणखी एक चिमूट टाकायचा. दुःख जितकं मोठं तितकी चिमूट मोठी. वडिलांचे एक जुने सहकारी तर हुंदका आवरता आवरता डब्यातला चमचाच रिता करून गेले.

मुलगी प्रत्येक चिमटीकडे डोळे फाडून बघायची. तिला माणसं दिसेनाशी झाली होती, फक्त अमोनिया दिसायचा. तिने डबा शब्दकोशांच्या मागे लपवला. माणसं बिस्किटाचा चुरा टाकू लागली. तिने पाटी लावली, 'कृपया माशांना खायला घालू नये.' पाटी वाचून ध्वनिक्षेपक सुन्न झाले.

"ताई," ते म्हणाले, "साहेब स्वतः नसलेल्या माशांना जेवू घालायचे. आणि तुम्ही असलेल्यांना उपाशी ठेवता?"

तिने तिरकी झालेली पाटी सरळ केली. 

दोन दिवसांनी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करू लागले. ध्वनिक्षेपकांना भरून आलं. "बघा वहिनी, कसे वर येऊन बोलताहेत! साहेबांचीच आठवण काढत असणार." खरं तर त्यांना श्वास घेता येत नव्हता. दंतवैद्यांनी वाकून, डोळे बारीक करून निरीक्षण केलं आणि तोंडाची हालचाल उत्तम असल्याचा निर्वाळा दिला.

ती रोज सकाळी टाकीतलं पाव पाणी काढायची आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं पाणी घालायची. एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हे लहानपणापासून ऐकत आली होती. न्हाणीघरात, गॅलरीत, पलंगाखाली बादल्या झाल्या. आई दर वळणावर बादलीला ठेचकाळायची. एवढं करून संध्याकाळी परीक्षानळी हिरवीच.

मग आत्या राहायला आली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. दुःख झालं की ही बाई घासायला घेते. पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघर घासलं, दुसऱ्या दिवशी खिडक्या, आणि तिसऱ्या दिवशी मुलगी कामावरून घरी आली तेव्हा गॅसवर मोठ्या पातेल्यात काहीतरी उकळत होतं.

"काय गं शिजतंय, आत्या?"

"तो स्पंज! अगं, किती घाण! हात लावला तर काळं पाणी निघालं. माझ्या दादाच्या टाकीत असली घाण? साबणाने चोळला, आता एक उकळी देते. बघ कसा पांढराशुभ्र निघालाय."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सव्वीस दिवस चिमूट चिमूट घालून वडिलांनी वसवलेलं ते सगळं गाव पातेल्यात खळखळत होतं. तिला ओरडायचं होतं. आत्या कढत्या पातेल्यावर वाकलेली होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. ते वाफेचं नव्हतं.

"छान झालाय," मुलगी म्हणाली.

आत्या परत गेली त्या सकाळी एक मासा तळाशी आडवा पडला होता. आई अजून उठली नव्हती. मुलीने तो चहाच्या गाळणीने काढला, कागदात गुंडाळला, कुंडीत पुरला, दुकान उघडताना जाऊन हुबेहूब तसाच दुसरा आणला, पिशवीसह पदराआड जिना चढली आणि टाकीत सोडला. हे सगळं चाळीस मिनिटांत. आपण इतकं सफाईने खोटं वागू शकतो, याचा तिला स्वतःलाच धक्का बसला.

आई चहा घेऊन टाकीसमोर बसली. दोन घोट घेतले.

"त्याच्या शेपटीवर डावीकडे ठिपका होता," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"जाऊ दे," आई म्हणाली आणि तिसरा घोट घेतला.

*

पाणी बदलूनही हिरवा उतरत का नाही, हे कळेना. शेवटी एका रविवारी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने टाकीतलं नव्हे तर बादलीतलं पाणी तपासलं. ज्यात मासा नाही, खाऊ नाही, आत्या नाही, असं नुसतं नळाचं, एक दिवस शिळं पाणी.

हिरवं.

ती बादलीच्या काठाला हात टेकून खाली बसली. विष काढायला म्हणून ती रोज बादलीभर विष घालत होती.

सोमवारी अर्धी रजा टाकून ती पाणीपुरवठा खात्यात गेली. वडील जिथे तेहतीस वर्षं गेले ती इमारत. तिने मुद्दामच आपण कोण ते सांगितलं नाही. खिडकीमागच्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं.

"पाण्यात काही बदल केलाय का, एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली.

"असं तोंडी सांगता येत नाही, मॅडम. नमुना सात भरा."

तिने नमुना सात भरला. जोडणी कोणाच्या नावावर, तिथे वडिलांचं नाव लिहिलं.

"अर्जदार स्वतः हजर पाहिजे."

"ते येऊ शकत नाहीत."

"मग बरे झाले की येऊ दे. घाई काय आहे?"

"ते गेले."

"कुठे गेले?"

मागच्या रांगेतला माणूस खाकरला. कारकुनाच्या लक्षात आलं, त्याचे कान लाल झाले, पण नमुना सात मोडण्यासारखी हिंमत त्याच्या घराण्यात कोणी केलेली नसावी. "माफ करा, मॅडम. पण नियम आहे. जुन्या साहेबांनी घातलेला. ज्याची तक्रार त्याने स्वतः येऊन सांगायची. ऐकीव गोष्ट इथे चालत नाही." मग त्याने अर्जावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. खुर्ची मागे सारून तो उठून उभा राहिला.

"तुम्ही आमच्या साहेबांच्या..."

पाच मिनिटांत सगळा विभाग गोळा झाला. तिला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, पंखा तिच्याकडे वळवला गेला. कोणी साहेबांची जागा दाखवली, कोणी त्यांचा खिळा, म्हणजे छत्री अडकवायचा. कारकुनाने जुन्या नोंदवह्या काढल्या.

"काय शिस्त होती, ताई! एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं. का, तर कोणाला हातचलाखी करता येऊ नये. असा स्वच्छ माणूस होणे नाही."

तिला त्याही परिस्थितीत हसू आलं. ते तिने चहात बुडवलं.

"आणि हे बघा." त्याने एका पानावर बोट ठेवलं. निळ्या शाईतल्या आकड्यांच्या रांगेत एकच आकडा शिसपेन्सिलीत होता, वरून शाईत गिरवलेला. "हा माझा. मी नवा होतो. उन्हातून कोण जातंय पाण्याच्या टाकीपर्यंत, म्हणून जागेवरूनच सांगितला आकडा, 'पाहिलं' म्हणून. साहेब ओरडले नाहीत. नुसतं पेन खाली ठेवलं आणि शिसपेन्सिल घेतली. न बघता सांगितलेला आकडा शिसपेन्सिलीत, हा त्यांचा नियम. सहीची जागा मोकळी ठेवायचे. माणसानं स्वतः जाऊन बघितलं, परत येऊन सांगितलं, की वरून शाई." त्याने त्या आकड्यावरून बोट फिरवलं. "दुसऱ्या दिवशी गेलो हो मी. ही बघा शाई. ताई? बरं नाही वाटत का? अरे, पाणी आणा कोणीतरी!"

पाणी आणलं. पाणीपुरवठा खात्यातलं पाणी हातात धरून ती नुसती बसून राहिली.

म्हणजे त्यांना कळलं होतं. दाराबाहेरून आलेल्या त्या 'पिवळा'बरोबरच. आणि संध्याकाळी खुर्चीतून त्यांनी विचारलं होतं, एवढ्याच? तेव्हा त्यांनी तिला एकशे तेरावी सांगायची संधी दिली होती, आणि ती म्हणाली होती, का, कमी आहेत?

निघताना कारकून फाटकापर्यंत आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, मी काही बोललो नाही. पण गेल्या महिन्यापासून क्लोरीनबरोबर थोडा अमोनिया घालतो आम्ही. क्लोरीन जास्त टिकतो. माणसांना काही होत नाही. दिवसभर उघडं ठेवून उडत नाही ते. टाकीतले मासे विकणाऱ्याकडे ते मारणारे थेंब मिळतात, ते घाला. आणि नमुना सात माझ्याकडे राहू दे." त्याने अर्जाची घडी खिशात ठेवली. "साहेबांचं अक्षर नाही, पण नाव तर आहे."

*

मासेवाल्याने थेंबांची बाटली दिली. मग स्पंज उकळल्याची हकिकत ऐकून कपाळावर हात मारला, हळहळला, आणि शेवटी आपल्या सर्वांत जुन्या टाकीतून एक काळाकुट्ट, बुळबुळीत, वास मारणारा स्पंज काढून पिशवीत घालून दिला.

"चार वर्षं धुतलेला नाही," तो अभिमानाने म्हणाला. "यात माणसं राहिली असती तर नगरपालिका झाली असती. तसाच लावा. आणि त्या आत्याबाईंना लांब ठेवा."

तो स्पंज मांडीवर घेऊन ती रिक्षातून घरी आली. रिक्षावाला आरशातून तिच्याकडे दोनदा बघून शेवटी नाकाला रुमाल लावून चालवत होता. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरी काहीतरी जगवणारं येत होतं.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "त्या दिवशी मी गेल्यावर बाबा काही म्हणाले का?"

"कोणत्या दिवशी" असं आईने विचारलं नाही.

"मी म्हटलं, पिवळा ना, मग पेन देऊ का? तर म्हणाले, नको. घाईत आहे ती. उद्या बघेल."

एवढंच बोलून आई उठली आणि पलंगाखालची बादली पायाने आत सरकवली.

नवा स्पंज लागल्यावर तिसऱ्या दिवशी हिरवा जरा फिका झाला. पाचव्या दिवशी आणखी फिका. सहाव्या दिवशी सकाळी टाकीत टाचणीच्या डोक्याएवढे डोळे फिरताना दिसले. तिने मोजले. बावीस. गप्पींना पिल्लं झाली होती. ध्वनिक्षेपकांनी खालपासून वरपर्यंत वार्ता पोचवली आणि इमारत नव्याने अभिनंदनाला लोटली, अर्थातच चिमटीसह. मुलगी टाकीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"एक कणसुद्धा नाही!" ती इतक्या जोरात ओरडली, की दंतवैद्य दोन पायऱ्या खाली गेले. "बावीस तोंडं वाढलीत इथे! कोणी काही घालायचं नाही! दुःख होत असेल तर नुसतं बसा!"

सगळे चपापले. मग एकेक करून खरोखरच बसले.  हातांचं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं, तरी सगळे बसले. बऱ्याच वेळाने आई रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि ध्वनिक्षेपकांनी आपला रुमाल मुकाट्याने तिच्यापुढे धरला.

त्यानंतर तीन आठवडे ती रोज सव्वाआठला नळी उजेडात धरत होती. पोपटी. फिका पोपटी. लिंबाच्या सालीवर हिरव्याची झाक असते तसा. आई वही घेऊन लिहायच्या जागी बसू लागली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी पाच मिनिटं झाली, आणि मुलीला काहीच सांगता येईना. तिने चष्मा पुसला. नळी खिडकीशी नेली. मागे पांढरा कागद धरला. कागद बदलला. गॅलरीत उघड्या उजेडात गेली, परत आली. ऑफिसला उशीर होत होता. समोरचं दार उघडंच होतं आणि जिन्यात ध्वनिक्षेपक बुटाची नाडी बांधत होते.

"काय गं?" आईने विचारलं. तिच्या एका हातात पेन होतं, दुसऱ्यात शिसपेन्सिल. "कशाने लिहू?"

टाकीत सत्तावीस मासे तळाशी, मध्ये, झुडपांत, आपापल्या कामात होते. एकही मासा तोंड वर काढून उभा नव्हता. तिने नळी पुन्हा कागदासमोर धरली; हिरव्याची झाक कुठेच नव्हती.

मुलीने वही आपल्याकडे ओढून सव्विसाव्या दिवसाचं पान उघडलं. शिसपेन्सिलीतलं शून्य, पुढे मोकळी जागा. ती त्या खुर्चीकडे वळली, जिच्यावर बसून बूट घातले जायचे. जिन्यातल्या ध्वनिक्षेपकांना सगळं ऐकू जाणार होतं. जाऊ दे.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं. दाराबाहेरून नुसती ओरडले. तुम्हाला मी खोटं सांगितलं." तिचा आवाज मध्येच फुटला, तिने तो तसाच पुढे नेला. "आज पाहिलं. पिवळा आहे."